अविवाहित, वय एकाहत्तर

...नाही, पण मला एक सांगा, त्रेचाळीस वर्षं ज्या बाईच्या हातची करपलेली कॉफी प्यालो, ती गेल्यावर माणूस अविवाहित होतो? विधुर म्हणा, बिचारा म्हणा, पण अविवाहित? तुम्हाला सांगतो, करखात्याच्या फॉर्मवर चौकोन पाच, आणि खूण करायची एकाच चौकोनात.

बर्निस गेली दोन वर्षांपूर्वी, जानेवारीच्या तीन तारखेला. आमच्या नेब्रास्कात, गावच्या वाचनालयात निवृत्त मंडळी फुकट फॉर्म भरून देतात. गेल्या वर्षी गेलो, तर ओपलबाई, ज्यांनी माझ्या मुलाला, क्लिफला गणित शिकवलं त्या, म्हणाल्या, "लेलँड, माणूस जातो ते अख्खं वर्ष तुम्हाला जोडपंच धरतात." संसार तीन दिवसांचा आणि सरकारनं धरला वर्षभर! मी इतका खूश, की घरी येऊन तिच्या फोटोला सांगितलं, अगं, आपण अजून आहोत म्हणे.

यंदा गेलो, तर बाई चष्म्यावरून बघतात... "या वर्षी अविवाहित." म्हटलं, तो खालचा चौकोन काय, मागे राहिलेला जोडीदार? "त्याला घरात पोसायचं मूल लागतं." आहे की, क्लिफ, तळघरात राहतो. "वय?" एकोणचाळीस. "कमावतो?" ट्रक चालवतो... "मग नाही." बरं, कुत्रा? त्याला तर मीच पोसतो. "लेलँड." मग राहू द्या कोरं. "कोरं चालत नाही. खूण करायची एकाच चौकोनात."

मागे रांग. त्यात चर्चमधली अर्लीन, जी दर गुरुवारी कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण, भांड्यासकट आणून देते आणि शुक्रवारी भांडं न्यायच्या निमित्तानं तासभर बसते, ती म्हणते, "लग्नच करून टाका ना, जोडप्याचा चौकोन परत मिळेल." म्हणजे बघा, पुढे अविवाहित, मागे कॅसरोल... जाऊ कुठं मी?

पेन धरून बसलो. खरं सांगू? ती खूण केली की बर्निस गेली, असं वाटत होतं. दफनाच्या दिवशी वाटलं नाही, ते तिथं वाटलं. रडू आलं हो मला, 'शांतता राखा'च्या पाटीखाली, भर रांगेत.

ओपलबाई हळूच म्हणाल्या, "लेलँड, अकरा वर्षं मीही त्याच चौकोनात आहे. या आत. जागा आहे."

केली खूण. एकटा म्हणून नाव लागलं एकदाचं, आणि त्या एकटेपणातही शेजार कोणाचा, तर गणिताच्या बाईंचा... खूण झाल्याबरोबर म्हणतात कशा, "चौकोनाच्या बाहेर गेलीय, पुन्हा करा."