नवव्या प्रश्नावरची खूण

मी, वय ५१ वर्षे, धंदा झेरॉक्स व टायपिंग, राहणार दुकानाच्याच वरचा मजला (पूर्ण नाव पहिल्या पानावर दिले आहे, गल्लीत सगळे झेरॉक्सवाल्या काकू म्हणतात), पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

माझे दुकान बावीस वर्षांपासून आहे. समोरच्या इमारतीत दीड वर्षापूर्वी ‘स्त्री-आरोग्य हार्मोन व पेप्टाइड उपचार केंद्र’ निघाले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आत दोन खोल्या, एक फ्रिज आणि भिंतीवर टीव्ही. डॉक्टर त्या टीव्हीवर दिसतात, तेही चार मिनिटे, आणि समोरच्या बाईकडे न बघता तिचा फॉर्म वाचतात. बाकी कारभार तेथील मॅडमचा. त्या पूर्वी दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रे विकत. माझ्याकडचे तीन महिन्यांत गळू लागले. आता त्या पांढरा कोट घालतात. कोटाला इस्त्री कडक असते, एवढे मान्य करते.

माझी थोरली जाऊ, वय ५४, हिची पाळी तीन वर्षांपूर्वी बंद झाली. अंगाची आग होई, घामाने झोप लागत नसे. दीर म्हणत, “पंखा वाढव.” घरात यापलीकडे कोणी लक्ष दिले नाही, म्हणून ती केंद्रात गेली. तिला आठवड्याला एक पेप्टाइडचे इंजेक्शन सुरू केले. त्याने काय होते हे मॅडम दर खेपेला वेगळे सांगत. एकदा त्वचा, एकदा वजन, एकदा उत्साह. शिवाय कमरेवर चिकटवायची इस्ट्रोजेन हार्मोनची पट्टी दिली. पट्टीने घाम थांबला व ती झोपू लागली, हेही खरे आहे.

सात महिन्यांनी तिला रक्तस्राव सुरू झाला. मॅडम म्हणाल्या, “अहो, चांगलंच आहे की! तारुण्य परत येतंय.” जाऊ लाजून गप्प बसली. आणखी अडीच महिने गेले. मला कळल्यावर मी तिला मोठ्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पट्टीचा उपचार मुळात वाईट नाही, परंतु गर्भाशय असलेल्या बाईला नुसते इस्ट्रोजेन देत नाहीत. जोडीला दुसरे हार्मोन लागते, नाहीतर गर्भाशयाचे अस्तर आतून वाढत जाते. जाऊच्या अस्तराच्या तपासणीत कर्करोग निघाला. येत्या सोमवारी शस्त्रक्रिया आहे.

आम्ही केंद्रात जाब विचारायला गेलो तेव्हा मॅडमनी जाऊचा फॉर्म पुढे टाकला. प्रश्न नववा, ‘गर्भाशय काढलेले आहे काय?’ ‘होय’च्या चौकटीत खूण, आणि खाली जाऊची सही. “तुमच्याच बाईनं खोटं लिहिलं. आम्ही काय पोटात डोकावून बघायचं?” चोराच्या उलट्या बोंबा. दीर तिथेच जाऊवर ओरडले, “सही करताना डोळे कुठे होते तुझे?” ती म्हणाली, “मीच केली असेल खूण. आता आठवत नाही.” दोन मुलांची आई, आपल्या पोटात काय आहे हे तिला ठाऊक नसेल होय! पण उद्या ती ठाण्यात येऊन तेच लिहून देणार आहे, म्हणून मी आज आले.

ती खूण जाऊची नाही. केंद्राच्या फॉर्मच्या झेरॉक्स माझ्याकडे निघतात. मॅडमनी कोरा फॉर्म हरवला आणि कोणा बाईच्या भरलेल्या फॉर्मवर व्हाइटनर फासून तो आणून दिला. नाव पुसले, सही पुसली, नवव्या प्रश्नाची खूण राहिली. नवा फॉर्म टाइप करायला मला वीस मिनिटे लागली असती. बिघडलेल्या अकरा प्रती मी पाठकोऱ्या म्हणून ठेवल्या होत्या, त्या हजर करते. तुम्ही केंद्रातून जप्त केलेल्या कोणत्याही फॉर्मवर ठेवून उजेडाला धरा, खूण शेपटीसकट जुळते.

मॅडमचे म्हणणे, हे कागद मी आता घरी बसून बनवले. माझा नवरा निघताना म्हणाला, “कागद दे आणि गप घरी ये. हात दाखवून अवलक्षण कशाला?” साहेबांनी विचारले की खूण छापील असल्याचे मला केव्हा कळले.

पहिली प्रत निघाली तेव्हाच कळले. मी मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, “काढा हो, कोण वाचतंय!” मी तीनशे प्रती काढल्या.

त्यातली एक जाऊने माझ्या दुकानात बसून भरली. पेन मी दिले. नवव्या प्रश्नाला उत्तर आधीच होते, म्हणून ती तिथे थांबली नाही. त्याने काय होईल हे मला ठाऊक नव्हते, पण उत्तर खोटे आहे हे ठाऊक होते. मी शेजारी उभी राहून मनात हसत होते, की हिला या वयात तरुण व्हायचे डोहाळे लागलेत.

शेवटचे वाक्य तपासाला लागत नाही, गाळू का, असे हवालदारांनी विचारले. मी राहू दे म्हटले. जाऊला हे अजून सांगितलेले नाही.

सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. खाली सही करते.