गिऱ्हाइकाचा ड्रेस

पूर ओसरल्यावर दवाखान्यात इंजेक्शनांसाठी गर्दी झाली होती. बाळाला छातीशी घट्ट धरून बसलेल्या तरुण आईच्या कानावर शेजारच्या नणंद-भावजयीचं बोलणं पडत होतं.

“वहिनी, ड्रेस झकास आहे हं!”

“हळू बोल गं. गिऱ्हाइकाचा आहे.”

“म्हणजे?”

“पाणी शिरलं तसं दुकानात शिवायला आलेले सगळे कपडे माळ्यावर टाकले. लोकांचा एक धागा भिजू दिला नाही. घरातलं कपाट मात्र साफ विसरले.”

“धन्य आहे तुझी!”

“तुझा दादाही हेच म्हणाला. तो स्वतः कुणाच्या तरी पँटीत फिरतोय, पाय दुमडून!”

“आणि त्या बाईंना कळलं तर?”

“धुऊन, इस्त्री करून खरं ते सांगेन. मशीन गाळात गेलंय, आता गिऱ्हाइकं तेवढी उरलीत. ती तुटायला नकोत. पण आपण सगळे धडधाकट आहोत ना? मग... अगबाई, त्याच आल्या!”

आत आलेल्या बाई थबकल्या. तरुण आईनंही मान वळवली.

“अहो ताई, हा माझाच ना?”

“हो, चुकलंच माझं. अंगावर घालायला दुसरं काही...”

“माझं अख्खं घर धुऊन गेलं हो. म्हटलं, तुमच्याकडचे कपडेही गेले असतील. बाकीचे दोन?”

“माळ्यावर आहेत. कोरडे ठणठणीत.”

“तिन्ही वाचले?”

“तिन्ही.”

बाईंनी ड्रेसच्या बाहीवरून हलकेच हात फिरवला.

“मग हा तुम्ही घाला, दोन मी घालते. झालं की आपलं! सरका जरा, बसू द्या मला.”