विधान झाकून बघा

(परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेरचा बाक. बढतीच्या परीक्षेला आलेले, लांब पल्ल्याची बस चालवणारे बाबा आणि त्यांची दहावीतली टिकली.)

टिकली: चूक! बाबा, परत तीच चूक!

बाबा: हळू बोल की गं! आमच्या डेपोची निम्मी माणसं आहेत इथं.

टिकली: असू देत. त्यांचीही फुकट शिकवणी होईल. वाचा पुन्हा.

बाबा: ‘तीन बसपैकी सगळ्यात आधी कोणती सुटते?’ विधान एक, लाल बस निळीच्या आधी सुटते. विधान दोन, हिरवी बस निळीच्या नंतर सुटते.

टिकली: नुसतं पहिलं विधान पुरेसं आहे?

बाबा: छे. हिरवीचा पत्ताच नाही त्यात.

टिकली: वा! आणि नुसतं दुसरं?

बाबा: पुरेसं. आधी लाल, मग निळी, मग हिरवी.

टिकली: लाल कुठून उगवली?

बाबा: वरून! आत्ताच वाचलं ना?

टिकली: तिथंच तर घोडं पेंड खातं! दुसरं विधान बघताना पहिलं सोबत न्यायचंच नाही.

बाबा: वाचलेलं विसरू कसं? आरशात मागची गाडी एकदा दिसली, की ती डोक्यातून जात नाही माझ्या. जाऊन चालतच नाही.

टिकली: विसरू नका, झाका! पहिल्यावर हात ठेवा. हां. आता काय दिसतं?

बाबा: निळी. तिच्यामागे हिरवी. आणि... अरेच्चा, लाल नाहीच की! अपुरं.

टिकली: काढा हात.

बाबा: दोन्ही मिळून पुरेसं! हात्तिच्या, मागच्या दोन्ही वेळी मी इथंच आपटलो.

टिकली: शिवाय आख्खं वेळापत्रक मांडत बसलात, म्हणून वेळ संपला. उत्तर काढायचं नसतं, बाबा. निघेल की नाही, एवढंच सांगायचं.

बाबा: यंदा नाही सांगता आलं तर संपलं गं. पुढच्या वर्षी वयात बसत नाही मी. मग आहेच, निवृत्तीपर्यंत मुक्कामाची गाडी.

टिकली: असं रडकं नाही बोलायचं. परवा मला बाईंनी फळ्यापाशी उभं केलं. शिक्षा नाही हं, हेच शिकवायला!

बाबा: काय सांगतेस! बोलली नाहीस ती?

टिकली: तुम्ही घरी होतात कुठे? बरं, शेवटचं. ‘चालक घरी किती वाजता पोचला?’ विधान एक, तो सहाला निघाला. विधान दोन, रस्ता ऐंशी किलोमीटरचा आहे.

बाबा: सव्वाआठ! म्हणजे... थांब, थांब. हा माझा रस्ता नाही. वेग कुठे दिलाय? दोन्ही मिळूनही अपुरं!

टिकली: शाब्बास, बाबा! मिठीच मारली असती, पण तुमची डेपोची माणसं बघतायत.

बाबा: बघू देत. ये इकडे. ...चल, फाटक उघडलं.

टिकली: या वेळी होणारच.

बाबा: होणारच. मग स्टँडवरच्या केबिनमधून दुसऱ्यांच्या गाड्या सोडायच्या आणि जेवायला घरी. रोज.

टिकली: रोज? मग तुमच्या खुर्चीत मी बसते, ती सोडावी लागणार मला.

बाबा: नको सोडूस. मी समोर बसेन. तिथून तू नीट दिसशील.