मालकाच्या पुढच्या दारी

बंद पडलेल्या कागद गिरणीच्या मालकाची हवेली आता तिकीट काढून बघता यायची. बर्फ पडत होता, तरी अंगणात रांग होती. टोर्बयोर्गच्या पुढंच हाल्वोर आणि ओड्नी हे म्हातारं जोडपं उभं होतं.

“गिरणीत होतो तेव्हा इथं मागच्या दारानं यायचो. आज पुढच्या दारानं जाणार, ताठ मानेनं!” हाल्वोर बायकोला म्हणाला.

“जा की.”

“आपल्या देशात सगळे सारखे. कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही.”

“मग टोपी का काढलीस?”

“उकडतंय.”

“बर्फात?”

“आणि तू आत्तापासून बूट का पुसतेयस?”

“मालकीणबाई रागवायच्या.”

“त्यांना जाऊन जमाना झाला!”

“मग घाल टोपी.”

“खिडकीतून मालकाची तसबीर बघतेय. बाहेर आल्यावर घालतो.”

टोर्बयोर्गला हसू आवरेना. तोंड दाबायला तिनं खिशातला हात काढला, तर रांगेत शिरताना डोक्यावर असलेली तिचीच लोकरीची टोपी मुठीत होती.