काकूचा रिटेक

ऐन रोवण्यात बाया मिळत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. त्याच वेळी सिनेमावाले आमच्या चोरखमाऱ्याला आले. त्यांना धान रोवणाऱ्या खऱ्या बाया दाखवायच्या होत्या. बाया त्यांनीच आणल्या, शेतातली बांधी आमच्या काकूची. काकूलाही रांगेत घेतलं.

कॅमेरा सुरू झाला की काकू मान वर करून त्यात पाहायची.

"कट. मावशी, इकडे नका पाहू."

रोवलेल्या जागी पुन्हा रोवता येत नाही, म्हणून दर वेळी रांग मागे सरकायची. शेवटी मी विचारलं, "काऊन पाहून राहिली वो काकू?"

"गप राय. बांधी सरू दे."

बांधी सरली आणि काकूनं मान खाली घातली. डायरेक्टर खूश झाला.

काकू म्हणाली, "साहेब, बाजूच्या माह्या बांधीत उजेड अजून चांगला पडते."