कार्डावरचं माझं नाव

चहा निवला तरी चालंल, आधी हे ऐका. मालक गेले तेव्हा उत्तरकार्याची कार्डं थोरल्या लेकीनं, सुनीतानं, घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः प्रोग्राम लिहून छापायला घेतली. कार्डाखाली नुसती पुरुषांची नावं घालायची आमच्यात रीत. मी म्हटलं, शेवटच्या ओळीच्या टोकाला माझंबी नाव पायजे.

पहिलं कार्ड निघालं, तर सगळ्या ओळी उजवीकडं सरकलेल्या आणि माझं नाव कडेला कापलेलं.

दीर म्हणाले, "बघा वैनी, देवालाच मान्य न्हाय."

"देवाला मधी घालू नका, भावजी. सुनी, का सरकलं सांग."

तिनं डोळे पुसत दाखवलं. पडद्यावर प्रोग्राम नीटनेटका दिसावा म्हणून तिनं त्यातली कार्डाची प्रत्येक ओळ थोडी आत ढकलून लिहिली होती. मशीननं ती मोकळी जागाबी मजकूर समजून छापली.

"मग काढ की ती जागा."

"आई, काढली तर प्रोग्राम वेडावाकडा दिसतोय."

"दिसू दे. त्यो कोण वाचतंय?"

तिनं ओळी पार डाव्या कडेला नेल्या. दुसरं कार्ड निघालं. मी ते दिरांच्या हातात दिलं.

"आता वाचा," म्हटलं. "शेवटची ओळ. मोठ्यानं."