सहाची बॅच

(लातूर, १९९८ चा जून. रेणुकादास सरांच्या घरामागची, पत्र्याची क्लासची खोली. टेबलावर टेपरेकॉर्डर. फाटकापाशी कर्णे बांधलेली ऑटोरिक्षा.)

वीरभद्र : सर, हे 'सुविद्य पालकांना नम्र निवेदन' वाचस्तोवर माझी रिक्षा गांधी चौक पार करून जाती. गणिताचं नाव निघायच्या आत आपण दुसऱ्या गल्लीत. जरा छाटा.

रेणुकादास : कुठं छाटू? सगळंच आवश्यक आहे.

वीरभद्र : 'अनुभवसिद्ध अध्यापनपद्धती' बी? माझी जीभ अडकायली. मागच्या महिन्यात सर्कशीची कॅसेट भरली म्या. 'हत्ती, सिंह, सायकलीवर अस्वल.' खलास. पब्लिक मावंना.

रेणुकादास : माझ्याकडं अस्वल नाही, वीरभद्र.

चंद्रप्रभा : चहा घ्या वीरभद्रभाऊ. अहो, शेवट काय लिहिलाय तेवढा वाचा ना. माझं कुठं येतं?

रेणुकादास : येतं की. ऐक. 'सकाळी सहा वाजता दहावी ते बारावी गणिताची खास बॅच. तसेच इंग्रजी विषयाचीही सोय आहे.'

चंद्रप्रभा : सोय?

रेणुकादास : सोय म्हणजे व्यवस्था.

चंद्रप्रभा : सायकली लावायची असते ती सोय. पिण्याच्या पाण्याची असते. मी एम.ए., बी.एड. आहे. आणि वेळ कुठं आहे माझी?

रेणुकादास : चारला घे ना. खोली रिकामीच असते दुपारी.

चंद्रप्रभा : दुपारी चारला. या पत्र्याखाली.

वीरभद्र : चारला लातुरात कुत्रं बी सावली सोडत न्हाई, वैनी. म्या तर रिक्षाच काढत न्हाई.

रेणुकादास : तू चहा पी.

चंद्रप्रभा : नाही, खरं बोलले ते. सहाला बाप स्वतः स्कूटरवर पोराला आणून सोडतो. चारला पोरगं एक तर झोपलेलं, नाही तर क्रीडासंकुलावर. परवा केमिस्ट्रीच्या बसलिंगप्पा सरांना तुम्हीच सांगत होता, चारला लावलेला क्लास दिवाळी बघत नाही म्हणून.

रेणुकादास : ते केमिस्ट्रीचं सांगत होतो.

चंद्रप्रभा : मला सहा पाहिजे.

रेणुकादास : काय?

चंद्रप्रभा : सकाळी सहाची वेळ. आपली देविका आता बालवाडीत जाते. आईंचं सगळं त्यांचं त्या करतात. आता मी शिकवणार, असं आपलं गुढीपाडव्याला ठरलं होतं.

रेणुकादास : शिकव की. नाही कुठं म्हणतोय? पण सहाला गणित आहे चंद्रा. चार वर्षं आहे. लोक घड्याळ लावतात त्यावर.

चंद्रप्रभा : मग लोकांना नवीन घड्याळ लावू द्या.

वीरभद्र : मला बाराच्या आत औशाला जायचंय. तिथं नाटकाचं सांगायचंय. त्याआधी ही कॅसेट भरून शहरात एक चक्कर मारायची. म्हून म्हणतो, भांडायचं तर भांडा, पण वेळ काय सांगू ते बोला. कर्ण्यातून एक डाव बाहेर पडलं की माघारी घेता येत न्हाई.

रेणुकादास : भांडत नाही आहोत आम्ही. साधा विचार आहे. कशाला महत्त्व आहे ते बघायचं. वीरभद्र, तूच सांग. इंजिनिअरिंगचा प्रवेश कशावर होतो?

वीरभद्र : माझ्या पोरीला दहावीला बसवायलोय म्या. मला एवढ्या लांबचं कशाला विचारता?

रेणुकादास : बारावीच्या गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीवर होतो. इंग्रजी धरतच नाहीत. पस्तीस मिळाले की विषय संपला. आता ज्या विषयाचं पस्तीसावर पान मिटतं, त्यासाठी पहाटे कोण उठणार?

चंद्रप्रभा : आणि चौतीस मिळाले तर?

रेणुकादास : कुणाला मिळतात चौतीस?

चंद्रप्रभा : धोंडप्पा कुलकर्ण्यांच्या सत्यमला मिळाले. तुमचाच विद्यार्थी. गणितात अठ्ठ्याण्णव. तुम्ही पेढे आणायला निघाला होता, चप्पल घातली होती. मग कळलं, इंग्रजीत गेला. ते अठ्ठ्याण्णव घेऊन पोरगं वर्षभर घरी बसलं.

रेणुकादास : तो अपवाद.

चंद्रप्रभा : आणि अकरावीला तुमच्या मागच्या दोन बाकांवर बसतात ते? निलंग्याकडचे, देवणीकडचे? दहावीपर्यंत गणित मराठीत केलेलं, अकरावीला पुस्तक उघडलं की सगळं इंग्रजीत. त्यांना उदाहरण येतं हो. उदाहरणात काय विचारलंय ते येत नाही. तुमचा तास सुटला की माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहतात. 'वैनी, एवढं वाक्य सांगा.' पोळ्या लाटत सांगते मी.

रेणुकादास : ते मला माहीत आहे.

चंद्रप्रभा : माहीत आहे ना? मग पोळपाटापाशी चालतं ते फळ्यापाशी का चालत नाही?

वीरभद्र : म्या काय म्हणतो, सर पाचला घ्या. वैनी सहाला. मिटलं.

रेणुकादास : पाचला मी तयार आहे.

चंद्रप्रभा : मग सगळी पोरं पाचला येऊन सहाला घरी जातील. एकदा पेंगायला लागल्यावर इंग्रजीला कोण थांबतंय? मी साडेचारला घेते.

रेणुकादास : मग मी पहाटे चारला.

वीरभद्र : मग एक करा, पोरं रातच्याला इथंच झोपवा. अंथरुणं म्या आणतो, जत्रंतली हायेत माझ्याकडं.

रेणुकादास : वीरभद्र.

वीरभद्र : हसायल्यात ना वैनी, म्हून म्हणलो.

चंद्रप्रभा : हसू नको तर काय करू? अहो, ऐका. पाच वर्षं झाली मी फळ्यापुढं उभी राहिले नाही. भूकंपात गावातली आपली शाळा पडली. तुम्हाला लातूरच्या शाळेत सामावून घेतलं, इंग्रजीची जागा भरली म्हणाले. बरं, म्हटलं. आईंचा पाय होता, मग देविका झाली. मी तक्रार केली का कधी? पण आता चारला लावलं तर क्लास बसणार. आणि तुम्ही वाईट नाही, तुम्ही मला टोचून बोलणार नाही. फक्त मनात म्हणाल, बघ, इंग्रजीला कोण येतंय. आणि पुढच्या जूनमध्ये सोयसुद्धा राहणार नाही.

रेणुकादास : असं कसं म्हणेन मी?

चंद्रप्रभा : बरं, एक सोपं करू. इंग्रजी कशाला शिकायची, याचं एक वाक्य सांगा. तुमच्या तोंडानं. पस्तीस मार्कांचं नको, नोकरीचं नको. खरं वाटणारं एक वाक्य. सांगितलंत तर सहाची बॅच तुमची, मी चारला पत्र्याखाली बसते, तक्रार नाही.

रेणुकादास : आणि नाही सांगता आलं तर?

चंद्रप्रभा : तर सहा माझे.

वीरभद्र : ही पैज चांगली हाय. म्या साक्षीदार.

रेणुकादास : आधी तू गणिताचं सांग. तुला तरी कुठं येतंय?

चंद्रप्रभा : मला येतं. लगेच सांगते. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवली होती आपण. शाळा कसली, पोरं नुसती बसायची. कुणी बोलायचं नाही. समुपदेशक यायचे, चित्रं काढा म्हणायचे, गाणी म्हणा म्हणायचे. पोरं त्यांच्याकडं बघत राहायची. तुम्ही गेलात आणि शेडच्या पत्र्यावरच खडूनं गुणाकार मांडायला लागलात. मी चिडले होते तुमच्यावर, आठवतं का? घरं पडलीत आणि हा माणूस गुणाकार घालतोय.

रेणुकादास : मला दुसरं काय येत होतं?

चंद्रप्रभा : त्यात गुणाबाईची नात होती, साक्षी. भूकंपापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. आजीशीही नाही. तुम्ही उत्तर लिहिलं आणि ती मागून बोलली, 'सर, हातचा विसरला.'

वीरभद्र : पहिलं बोलणं हेच?

चंद्रप्रभा : हेच. गुणाबाई दारात बसलेली, ती रडायलाच लागली. पोरगी म्हणते, रडू नको, चुकलंच आहे त्यांचं. मग सगळी पोरं चुका काढायला लागली. त्या दिवशी शाळा भरली. तर, गणित कशाला शिकायचं? सगळं पडलं तरी ते पडत नाही आणि पोराला ते माहीत असतं. हे माझं वाक्य.

रेणुकादास : हातचा मी मुद्दाम विसरलो होतो.

चंद्रप्रभा : मुद्दाम नव्हता हो.

रेणुकादास : मुद्दाम होता.

चंद्रप्रभा : तुम्ही दोनदा पुसून तेच लिहिलंत.

वीरभद्र : सर, सोडा ते. तुमची पाळी. म्या बटन दाबून ठेवलंय, आवाजाची लेव्हल बघायलोय. तुमी बोला निवांत.

रेणुकादास : इंग्रजी ही जगाची...

चंद्रप्रभा : ते पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत असतं.

रेणुकादास : इंग्रजीमुळं ज्ञानाची कवाडं...

वीरभद्र : कवाडं नको सर. 'अनुभवसिद्ध'सारखं वाटायलं.

रेणुकादास : थांबा जरा. विचार करू द्या.

चंद्रप्रभा : करा. वीरभद्रभाऊ औशाला उशिरा जातील.

रेणुकादास : तंबूतलं सांगितलं तर चालेल?

चंद्रप्रभा : कुठलं तंबूतलं?

रेणुकादास : आईचं. वीरभद्र, आमच्या आईच्या पायावर भिंत आली होती. परदेशी डॉक्टरांची तुकडी आली, त्यांच्या तंबूत नेलं. बाहेर ही रांग. तो डॉक्टर दोन रात्री झोपला नव्हता. आला, पाय बघितला, शेजारच्याला काही तरी बोलला आणि पुढं निघाला. मी तिथंच उभा. बी.एस्सी. गणित, प्रथम श्रेणी. माझी सगळी पुस्तकं इंग्रजीत होती. पण तो काय बोलला, एक शब्द पकडता येईना. आई आपली एकच सांगत होती. 'बोटांना मुंग्या यायल्यात रे, बोटांना मुंग्या यायल्यात.' मला ऐकू येत होतं. त्याला ऐकू येत होतं, कळत नव्हतं. ही पाण्याची घागर घेऊन आली. हिनं आईचं ऐकलं, घागर खाली ठेवली, आणि त्या डॉक्टरच्या मागं जाऊन आईचं तेच वाक्य इंग्रजीत सांगितलं. एवढंच. आपल्या मनाचं काही नाही. तो माणूस माघारी फिरला. खाली बसला, आईच्या बोटांना हात लावून बघत बसला. नंतर कळलं, पाय काढायचा ठरवूनच तो पुढं गेला होता; मुंग्या येतात म्हणजे पायात जीव आहे, म्हणून माघारी आला.

वीरभद्र : आन आता? म्हातारी...

रेणुकादास : आता ती गंजगोलाईत भाजीवाल्यांशी भांडायला गेली आहे. पायी.

वीरभद्र : म्हंजे मघा फाटकात भेटली तीच? मला म्हणली, रिक्षा सावलीत लाव.

रेणुकादास : तर माझं वाक्य असं, की माझी आई बोलत होती आणि मी मुलगा असून तिचं बोलणं पोचवू शकलो नाही, ते हिनं पोचवलं. इंग्रजी त्यासाठी शिकायची. आपल्या माणसाचं म्हणणं परक्याला सांगता यावं म्हणून. झालं का एक वाक्य? जरा लांबलं.

चंद्रप्रभा : झालं.

रेणुकादास : मग बोल की काही तरी.

चंद्रप्रभा : काय बोलू? जिंकलात तुम्ही. सहाची बॅच तुमची. वीरभद्रभाऊ, सकाळी सहा गणित, दुपारी चार इंग्रजी. तेवढं सोय शब्द काढून टाका.

रेणुकादास : थांब वीरभद्र.

वीरभद्र : थांबलोच हाय.

रेणुकादास : हे सगळं सांगून झाल्यावर आता सहाला गणित कुठल्या तोंडानं म्हणू मी? लिहून घे. 'सकाळी सहा वाजता इंग्रजी. शिकवणार, चंद्रप्रभा मॅडम.' खाली, 'साडेसात वाजता गणित.'

चंद्रप्रभा : अहो, उगीच मोठेपणा करू नका. पैज तुम्ही जिंकलात.

रेणुकादास : जिंकलेली वस्तू कुणाला द्यायची ते जिंकणारा ठरवतो.

चंद्रप्रभा : साडेसातला निम्म्यांच्या शाळा असतात. पलीकडच्या गल्लीत सहालाच गणित आहे. तुमची पोरं तिकडं जातील.

रेणुकादास : काही जातील.

चंद्रप्रभा : बरीच जातील.

रेणुकादास : बरीच जातील. मागच्या दोन बाकांवरची थांबतील. त्यांना सहाला तू लागतेस आणि साडेसातला मी. बाकीचं पुढच्या जूनला बघू.

चंद्रप्रभा : दिवाळीपर्यंत करून बघू या का? नाही भरली माझी बॅच तर...

रेणुकादास : दिवाळी मध्ये आणू नको. अट घातली की तू रोज पोरं मोजत बसशील.

चंद्रप्रभा : मोजायचं काम तुमचं.

वीरभद्र : बाई, माझ्या पोरीला सहाला पाठवतो. गणिताला बी पाठवतो सर, नाराज होऊ नका. आता जरा गप बसा दोघं, कॅसेट पालटून म्या भरतो. 'ऐका हो ऐका, लातूरकर. सकाळी सहाला इंग्रजी. चंद्रप्रभा मॅडम. साडेसातला गणित. रेणुकादास सर. दोघं एकाच घरात.'

रेणुकादास : 'एकाच घरात' कशाला?

वीरभद्र : पत्ता शोधायला सोपं जातंय, सर. राहू द्या. निघतो म्या. कॅसेट संध्याकाळी परत देतो.

चंद्रप्रभा : वीरभद्रभाऊ, मघाचं पायाचं त्यातच भरलं गेलंय का?

वीरभद्र : ते दुसऱ्या बाजूला हाय. ती बाजू म्या वाजवत न्हाई.

रेणुकादास : गेला. आता सबंध शहरभर ओरडत फिरेल.

चंद्रप्रभा : फिरू दे. अहो, खोलीची किल्ली?

रेणुकादास : मधल्या दाराच्या खिळ्याला असते की. रोज बघतेस.

चंद्रप्रभा : रोज बघते. आज हातात द्या.